मधल्या आळीचा वाडा: गाडी चौकातच उभी आहे

(ग्रुप: वाडा परिवार, मधली आळी, वाई)

प्राजू: मी प्रचंड वैतागलेय. आईचं सामान पुण्याला न्यायला ठरवलेल्या मूव्हर्स कंपनीची गाडी सव्वाआठपासून चौकात उभी आहे आणि ड्रायव्हर म्हणतो आळीत येणार नाही. बुकिंग करताना मी वाड्याचा व्हिडिओ पाठवला होता, जिन्याचे फोटो पाठवले होते, घरापासून घरापर्यंत असं कबूल केलंय त्यांनी. आई एकटी ओसरीवर बसलीये. वाईत कोणी आहे का???

नानाकाका: वाईत कोणी आहे का म्हणजे काय? मी जन्मल्यापासून वाईतच आहे. गाडी ठरवायच्या आधी मला एक फोन केला असता तर सांगितलं असतं की चौदा फुटी आयशर मधल्या आळीत शिरत नाही. घाटाकडच्या वळणावर रिक्षाला पण दोनदा रिव्हर्स घ्यावा लागतो

केदार: बाबा शांत 😀

नानाकाका: मी शांतच आहे.

शिरीषकाका: सर्वांना सुप्रभात. सामानाची लेखी यादी करावी, नग मोजावेत व यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. बँकेतल्या ३४ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

प्राजू: काका यादी करू हो, आधी गाडी तर आत येऊ दे

बेबीआत्या: घंगाळ कोणत्या गाडीतून जाणार आहे

मंगेशदादा: मी पोचलोय वाड्यावर. प्राजू ऐक, गाडी चुकीची आहे पण माणसांचा पण प्रॉब्लेम आहे. तीन पोरं आहेत, बिचारी चांगली आहेत, पण त्यांचा सुपरवायझर फोनवर म्हणतो की गाडीपासून ३० मीटरपर्यंतच वाहणार, पुढे पायी अंतराचे जादा पैसे, आणि चौकापासून वाडा किती लांब ते तुला माहितीच आहे. त्यातून दिंडी दरवाजातून वाकून आत आले, जिना बघितला, माडीवर गेले आणि पलंग बघून एकाने बॅगेतून ड्रिल काढलं. विचारतो स्क्रू कुठे आहेत. अरे बाबा स्क्रू नाहीतच त्याला, खाचेत बसवलेलं लाकडी कुसू आणि पाचर आहे. मी त्याला म्हंटलं ते मशीन आधी पिशवीत ठेव

नानाकाका: शिसवी पलंगाला ड्रिल!!! त्याला हात लावू देऊ नकोस

शिरीषकाका: म्हणूनच म्हणतो, यादी करा.

ऋतुजा: चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई जिंकली, तिथल्या चर्चची घंटा पार मेणवलीपर्यंत आली आणि नाना फडणवीसांच्या घाटावर टांगली. आपला पलंग चौकापर्यंत जात नाहीये 🤣

केदार: तेव्हा ३० मीटरची अट नव्हती

प्राजू: जोक नंतर करा प्लीज. मंगेशदादा, मग आता काय करायचं? उद्यावर ढकलता येईल का?

मंगेशदादा: उद्या बुधवार. गुरुवारपासून कृष्णाबाईच्या उत्सवाचा मांडव पडतोय आळीत, बांबू आत्ताच येऊन पडलेत. एकदा मांडव पडला की हातगाडी पण जाणार नाही. म्हणजे आज नाहीतर उद्या दुपारपर्यंत, नाहीतर उत्सव संपल्यावर

नानाकाका: आणि उत्सव संपेपर्यंत वहिनींनी बांधलेल्या बोचक्यांत राहायचं का. हे कॅलेंडर बघून ठरवायचं असतं.

प्राजू: काका मला उत्सवाच्या तारखा कोणी सांगितल्या नाहीत. ग्रुपवर रोज सुविचार येतात, तारखा येत नाहीत.

शिरीषकाका: सुविचार मी पाठवतो. बंद करतो.

केदार: काका असं नका करू 🙏

मंगेशदादा: बरं ते राहू दे. मी अडतीवरच्या मुकादमाला फोन लावला. त्यांची टोळी अकरापर्यंत गुळाची गाडी खाली करतेय, त्यानंतर पाच माणसं, एक हातगाडी आणि एक छोटा हत्ती घेऊन येतो म्हणाला. माणशी ९००, छोट्या हत्तीच्या चौकापर्यंत जितक्या खेपा होतील त्या प्रत्येकी ३००, पलंग सोडवून बांधायचे वेगळे १२००. तिथून पुढे पुण्याला कंपनीचीच गाडी जाईल

प्राजू: म्हणजे कंपनीला पूर्ण पैसे आणि वर यांना सहा-सात हजार? हे अडवून मागणंच झालं. गरज दिसली की भाव वाढतो.

नानाकाका: अडवून कोणी मागत नाहीये. कंपनीने जादा पायी अंतराचे किती सांगितले ते पण लिही की ग्रुपवर.

प्राजू: ...

प्राजू: ५५००. आणि पलंगाची जबाबदारी नाही म्हणे.

नानाकाका: मग झालं तर.

शिरीषकाका: एक माहिती म्हणून: महाराष्ट्रात माथाडी, हमाल यांच्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे झाला, ते आपल्या सातारा जिल्ह्यातलेच. हमालांना उपकार केल्यासारखे पैसे देऊ नयेत. तसेच सामानाची यादी करून सह्या घ्याव्यात.

ऋतुजा: "तसेच" 😂

बेबीआत्या: नाना घंगाळाचं कोणी बोलत नाहीये. आईने ते मला देते असं स्वतः सांगितलं होतं सगळ्यांसमोर, चौकात तुळशीपाशी ठेवलेलं असायचं तांब्याचं मोठं

नानाकाका: बेबी ते घंगाळ तू ९८ साली ठाण्याला नेलंस. त्यात तू जास्वंद लावलीयेस. दिवाळीच्या फोटोत तुझ्या मागे दिसतंय

केदार: 💀

बेबीआत्या: ते वेगळं. ते छोटं होतं.

मंगेशदादा: आत्या इथे एकच कडीचा बंब, दोन हंडे, एक पिंप आहे. घंगाळ नाही. मी स्वतः बघितलं

बेबीआत्या: मग कोणी नेलं

नानाकाका: 🙏

मंगेशदादा: आले पाच जण. मुकादम आल्या आल्या जिन्याकडे गेला. टेप बिप नाही, हातातल्या दोरीला गाठी मारून जिन्याची रुंदी घेतली आणि तीच दोरी कपाटाला लावली. म्हणाला कपाट येईल, पलंग सुटा होईल, फळीवरचं फडताळ येणार नाही ते भिंतीतच आहे. मी म्हंटलं ते न्यायचंच नाहीये हो

प्राजू: आई कशी आहे?

मंगेशदादा: काकू ठीक. मुकादमाची आई आपल्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला यायची म्हणे, तेव्हा हा ओसरीवर लाट्या खात बसायचा. दोघांचं त्यावरच चाललंय. मी इथे घामाघूम

प्राजू: चांदीची भांडी आणि देवघरातलं सगळं आधी बाजूला काढून नानाकाकांकडे ठेवा. कुणावर आरोप नाही, पण ठेवा.

नानाकाका: आरोप नाही पण. बरं.

प्राजू: काका प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायलाच पाहिजे का? तुम्ही वाईत असून आज सकाळी नऊपर्यंत वाड्यावर गेला नव्हता. पावसाळ्यात माडी गळायला लागली तेव्हा कौलं बदलायचं म्हणून तीन वेळा लिहिलं मी, एकानेही हो नाही केलं. गळती नसती तर आईला हलवायची वेळच आली नसती.

नानाकाका: कौलांचे पैसे सहा वाटण्यांत होते. माझा वाटा मी दिला होता. कोणाकोणाचा आला नाही ते इथे लिहिणार नाही.

शिरीषकाका: माझा आला होता.

केदार: मंडळी कौलांचं भांडण नवीन ग्रुप काढून करूया का

मंगेशदादा: पलंग सुटला. ड्रिल नाही काही नाही. एकाने लाकडी ठोकळा धरला, दुसऱ्याने खालून हलक्या हाताने पाचरी उलट्या दिशेने ठोकल्या, आधी डोक्याकडच्या दोन, मग पायाकडच्या. प्रत्येक जोडावर दोन्ही तुकड्यांवर खडूने सारखाच आकडा, १ ला १, २ ला २. पाचरी सगळ्या एका फडक्यात बांधून काकूंच्या हातात दिल्या, म्हणाला ही पुरचुंडी हरवली तर पलंग उभा राहणार नाही, गाडीत देऊ नका तुम्ही जवळ ठेवा. कंपनीची पोरं व्हिडिओ काढतायत

ऋतुजा: मला पण पाठव व्हिडिओ!

शिरीषकाका: व्हिडिओ चांगला पुरावा असतो. तरी यादी आवश्यक.

मंगेशदादा: आता विश्वकोश. कंपनीच्या पोरांनी सकाळीच आजोबांचे सगळे खंड एकाच मोठ्या खोक्यात भरले होते, उचलल्याबरोबर तळ सुटला आणि खंड ओसरीवर. नशीब कोणाच्या पायावर नाही. मुकादम म्हणतो पुस्तकं लहान खोक्यात नाहीतर चार-चारची गठडी. गोणपाटात बांधून डोक्यावर चुंबळ ठेवून नेली

नानाकाका: विश्वकोश वाईतच तयार झाला, गंगापुरीत ऑफिस. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते तेव्हापासून आण्णा ओळीने घेत गेले. आता तो हमाली देऊन पुण्याला चाललाय.

प्राजू: काका तो मी ठेवणार आहे. रद्दीत जाणार नाहीये.

नानाकाका: मी काही म्हंटलं का.

बेबीआत्या: हंड्या कशा पॅक केल्या

मंगेशदादा: काचेच्या हंड्या पिंपात, भाताचा भुसा घालून. बबल रॅप होतं पण मुकादम म्हणाला खंबाटकीचा रस्ता मला माहितीये, भुसाच बरा

केदार: जाताना तर बोगदा लागतो ना, घाट नाही

मंगेशदादा: हो रे पण त्याच्या आत्मविश्वासापुढे मी गप्प बसलो

शिरीषकाका: यादी झाली का?

मंगेशदादा: झाली काका. मुकादमाने आधीच प्रत्येक बोचक्यावर खडूने आकडा टाकलाय. एकूण ४३ नग. माझी सही, त्याची सही, कंपनीच्या पोराची पण सही. फोटो टाकतोय, कृपया आता नाचू नका

शिरीषकाका: 👏👏 उत्तम. फोटो अस्पष्ट आहे.

मंगेशदादा: शेजारच्यांची गाडी आडवी लागलीये, छोटा हत्ती अडकला. मालक ढोल्या गणपतीला गेलेत दर्शनाला, फोन घरी

नानाकाका: मी जातो देवळात. पाच मिनिटं. अंगारकी आहे, रांग असेल.

प्राजू: थँक्यू काका.

नानाकाका: हं.

मंगेशदादा: चार खेपांत झालं. ४५०० माणसांचे, १२०० खेपांचे, १२०० पलंगाचे, एकूण ६९००. मी ७००० दिले, वरचे शंभर त्याने परत केले. काकूंनी सगळ्यांना चहा दिला, कप आधीच पॅक झालेले म्हणून नानाकाकांकडून आणले

प्राजू: तुला जी-पे करते. आणि कंपनीकडून थोडा तरी परतावा मागणार आहे मी, लेखी.

शिरीषकाका: लेखीच मागा.

सुलभाकाकू: मी गाडीत बसले मंगेशच्या. पाचरी माझ्या पिशवीत आहेत. तुळशीला पाणी घाला कोणीतरी रोज. नाना भाऊजी मीटरचं रीडिंग लिहून ठेवा

नानाकाका: ठेवतो वहिनी.

(रात्री)

प्राजू: सामान पोचलं कोथरूडला. सगळं नीट, हंड्या पण नीट, एकही टवका नाही. पण नग ४४ मोजले. तीनदा मोजले.

शिरीषकाका: यादी ४३ ची आहे. ४४ वा कोणता? यादीत नसलेली वस्तू ताब्यात घेऊ नये.

बेबीआत्या: घंगाळ आहे का बघा

प्राजू: एक दोरखंडाचं वेटोळं आहे, गाठी मारलेल्या. आणि आत गोणपाटाची चुंबळ.

मंगेशदादा: अरे ती मुकादमाची मापाची दोरी!! दुपारपासून शोधतोय तो, अडतीवरून मला दोनदा फोन आला

नानाकाका: उद्या सकाळच्या एस.टी.ने पाठव. पार्सलवर त्याचं नाव घाल.

शिरीषकाका: पाठवताना पोच घ्यावी.