भूमिगत कोळसा खाणीतील मिथेन निचरा: पर्यावरण अहवालात तुलना नेमकी कशाशी करायची?

अहवालवाचक (प्रश्न):

एका भूमिगत कोळसा खाणीच्या विस्तारासाठी तयार झालेला पर्यावरणीय परिणामांचा मसुदा सध्या मी वाचत आहे. कोळसा लाँगवॉल पद्धतीने, म्हणजे लांब पट्ट्यातला थर यंत्राने सलग कापत पुढे सरकत, काढला जाणार असून, कोळसा काढल्यावर छत कोसळून तयार होणाऱ्या जागेतला, म्हणजे गोफमधला, मिथेन जमिनीवरून खोदलेल्या विहिरींवाटे ओढून थेट हवेत सोडण्याचा प्रस्ताव आहे. हवामानावरील परिणामाचा प्रश्न मसुद्याने एकाच युक्तिवादात मिटवला आहे. हा वायू विहिरींतून काढला नाही तरी वायुवीजनाच्या, म्हणजे खाणीत पंख्यांनी खेळवलेल्या, हवेबरोबर तो बाहेर पडणारच होता, त्यामुळे विहिरींनी उत्सर्जन वाढत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. शिवाय वायू जाळून टाकण्याचा पर्याय ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ विचारात घेतलेला नाही. हरकत नोंदवायची झाल्यास ती कोणत्या मुद्द्यांवर नोंदवावी?

खाणवायू:

युक्तिवाद पूर्ण खोटा नाही आणि म्हणूनच तो फसवा आहे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोटक होतो. कामगार असलेल्या भागात तो या मर्यादेच्या बराच खाली ठेवावा लागतो आणि पंख्यांची ताकद कुठेतरी संपते. वायू फार झाला की यंत्रांची वीज तोडून काम थांबवावे लागते. निचऱ्याच्या विहिरी असतात त्या ही मर्यादा दूर करण्यासाठी. याचा अर्थ असा की विहिरी नसत्या तर तेवढाच कोळसा त्याच वेगाने निघाला नसता आणि तेवढा वायूही मोकळा झाला नसता. ‘विहिरीविना तेवढेच उत्पादन’ ही स्थिती प्रत्यक्षात शक्य आहे का, हे मसुद्याने आधी दाखवायला हवे. ते शक्य नसेल, तर तुलनेचा पायाच चुकलेला आहे.

दुसरे म्हणजे, गोफमधला वायू फक्त काढलेल्या थराचा नसतो. छत कोसळताना वरचे खडक भेगाळतात, खालचे सैल होतात आणि शेजारच्या, कधीही न खणल्या जाणाऱ्या कोळशाच्या थरांतूनही मिथेन सुटतो. त्यामुळे ‘एक टन कोळशामागे इतका घनमीटर वायू’ हा आकडा केवळ मुख्य थराच्या नमुन्यांवरून काढला असेल, तर तो कमी पडण्याची शक्यता मोठी. कोणत्या थरांचे नमुने घेतले, हे विचारा.

आता जाळण्याविषयी. फरक किती मोठा आहे हे कळावे म्हणून एक गृहीत उदाहरण घेऊ. वर्षाला १० लाख घनमीटर शुद्ध मिथेन सोडला, तर सामान्य तापमानाला त्याचे वजन साधारण ६७० टन भरते. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालानुसार जीवाश्म मिथेनचा तापमानवाढीचा गुणांक (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापमानवाढ, तो आकडा) १०० वर्षांसाठी २९.८ आणि २० वर्षांसाठी ८२.५ आहे. म्हणजे हे उत्सर्जन अनुक्रमे सुमारे २०,००० आणि ५५,००० टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. तोच वायू जाळला, तर प्रत्येक टन मिथेनमागे २.७५ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दोन टक्के मिथेन न जळता निसटला असे धरले, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने बेरीज २,२०० टनांच्या आसपास राहते. जवळपास नऊपट फरक पडत असताना तो पर्याय एका ओळीत बाजूला सारता येत नाही.

थरमापक:

वरच्या हिशेबात एक सावधगिरी जोडतो. विहिरीतून येतो तो शुद्ध मिथेन नसतो. गोफमध्ये हवा शिरत असल्याने त्याचे प्रमाण सतत बदलते आणि लाँगवॉलचा फळा, म्हणजे कोळसा कापला जाणारा दर्शनी भाग, पुढे सरकत गेला की बहुधा घटत जाते. अहवालात दिलेला प्रवाह मिश्र वायूचा आहे की शुद्ध मिथेनचा, हे पाहिल्याशिवाय कोणताही गुणाकार करू नये. याच गोंधळातून दुप्पट-तिप्पट चुका झालेल्या मी पाहिल्या आहेत.

सुरक्षेचे कारणही निराधार नाही. मिश्रणात मिथेन ३० टक्क्यांच्या खाली गेला, तर ते वाहून नेणे किंवा वापरणे टाळावे, असा व्यवसायातील मान्य संकेत आहे. स्फोटक पट्ट्याच्या वरच्या मर्यादेपासून दुप्पट अंतर राखण्याचा तो नियम. मात्र ज्योतरोधक, प्रमाण घटताच आपोआप बंद होणारी झडप आणि सततचे मापन असेल, तर बंदिस्त ज्वालकात हा वायू जाळता येतो. ऑस्ट्रेलियातील खाणींत ते केले जाते. तेव्हा ‘सुरक्षित नाही’ यावर न थांबता, कोणत्या विहिरीत किती काळ प्रमाण ३० टक्क्यांच्या वर राहील याचा अंदाज मागावा. कोरड्या जंगलात ठिणगीचा धोका हा वेगळा मुद्दा आहे आणि तो खरा आहे.

अहवालवाचक:

दोघांचेही आभार. मिश्र वायूचा मुद्दा तपासला. मसुद्यात फक्त ‘वायूचा प्रवाह’ एवढेच लिहिलेले आहे. जमिनीवरच्या परिणामांबद्दल मात्र बरीच पाने आहेत. तिकडे काय पाहावे?

खाणवायू:

प्रथम विहिरींचा प्रकार पाहा. खाणकामाच्या कितीतरी आधी अखंड थरातून वायू काढायचा असेल, तर त्यासाठी आधी पाणी उपसावे लागते आणि ते खारट किंवा सोडियमयुक्त असू शकते. गोफच्या विहिरींत हा प्रश्न सहसा लहान असतो. तिथे चिंता असते ती विहिरीच्या नळकांड्याची, कारण खालचे खडक खचताना ते वाकते किंवा तुटते. मग पाणी धरणाऱ्या थराभोवती सिमेंटचे आवरण टिकले आहे का आणि काम संपल्यावर विहीर कशी बुजवली जाणार, हे प्रश्न उरतात.

गोफची एक विहीर काही महिने किंवा थोडी वर्षेच चालते, पण तिच्यापर्यंत नेलेला रस्ता आणि सपाट केलेली जागा मागे राहते. फळा पुढे सरकेल तशी नवी विहीर लागते, म्हणून एकेका विहिरीचे क्षेत्र मोजून उपयोग नाही. संपूर्ण पट्ट्यासाठीच्या रस्त्यांची एकत्र लांबी मागा. खाणीच्या आतूनच वरच्या थरांत तिरकी भोके पाडणे किंवा एकाच जागेवरून दिशा वळवून अनेक विहिरी खोदणे, हे पर्याय तपासले आहेत का, हेही विचारा.

थरमापक:

पर्यायांच्या संदर्भात एक न्यायालयीन निर्णय उपयोगी पडेल. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील वेस्ट एल्क खाणीच्या भाडेपट्टा-विस्ताराविषयी २०१४ मध्ये तेथील संघीय जिल्हा न्यायालयाने निकाल दिला. रस्ते नसलेल्या वनक्षेत्रात मिथेन निचऱ्याच्या विहिरी आणि त्यांच्यासाठीचे रस्ते, हा त्या वादाचा एक भाग होता. सरकारी यंत्रणांनी खाणीचे आर्थिक फायदे रकमेत मांडले, मात्र हरितगृह वायूंच्या नुकसानीची किंमत काढता येत नाही असे म्हटले. त्यांच्याच अहवालाच्या आधीच्या मसुद्यात ती किंमत काढलेली असतानाही असे म्हणणे न्यायालयाला मनमानी वाटले. आपल्या मसुद्यात रोजगार आणि महसुलाचे आकडे असतील, तर उत्सर्जनाच्या बाजूलाही आकडा का नाही, हा प्रश्न त्याच धर्तीवर विचारता येईल. दुसऱ्या देशाचा निकाल बंधनकारक नसतो, युक्तिवादाची मांडणी मात्र उचलता येते.

वायुवीजनाची हवा मात्र विसरू नका. त्यात मिथेन बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो, पण हवेचे आकारमान प्रचंड असल्याने भूमिगत खाणींच्या एकूण उत्सर्जनात त्याचाच वाटा मोठा असतो. विहिरींवर भांडताना तो मोजायचा राहून जातो. आणखी एक: खाण बंद झाल्यावरही वायू अनेक वर्षे सुटत राहतो, पोकळ्या पाण्याने भरल्यावर तो कमी होतो. मसुद्याची कालमर्यादा शेवटचा टन निघण्याच्या दिवशी संपत असेल, तर तेवढी एक हरकत त्यावरच लिहा.

अहवालवाचक:

कालमर्यादा पाहिली. ती उत्पादनाच्या शेवटच्या वर्षापर्यंतच आहे. पहिली हरकत तुलनेच्या पायावर, दुसरी मिश्र वायूच्या आकड्यावर आणि तिसरी यावर लिहायला घेतो.