गोमुखला बाबांना घेऊन जायचंय, जमेल का?

नचिकेत_पुणे
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांना गोमुखला, म्हणजे गंगोत्री ग्लेशियरच्या तोंडाशी जिथून गंगा निघते तिथे, न्यायचं चाललंय. वय 66, शुगर बीपी काही नाही, दर रविवारी सिंहगड पायी चढतात. 1991 च्या जूनमध्ये ते ऑफिसच्या ग्रुपबरोबर जाऊन आलेत, तेव्हाचा गंगेचा गडू अजून देवघरात आहे, डाख देऊन बंद केलेला, बुडाला खिळ्याने साल कोरलंय. आता त्यांचं एकच, पुन्हा तिथेच बर्फाच्या तोंडाशी जाऊन पाणी भरायचं. उंची झेपेल का त्यांना? आणि ग्लेशियर म्हणे बरंच मागे गेलंय, मग त्यांनी पाहिलं होतं ते आता दिसेल तरी का?

रानवाटा
सिंहगड चढतात म्हणजे पायांची काळजी नको, उंचीची करा. आपलं कळसूबाई 1646 मीटर आणि गंगोत्रीच 3000 च्या वर, भोजबासा साधारण 3800. त्यामुळे गंगोत्रीत पोचल्यावर दोन रात्री काढाच, लोक ड्रायव्हरच्या घाईने दुसऱ्याच दिवशी निघतात आणि चिरबासाला डोकं धरून बसतात. गंगोत्री ते चिरबासा 9 किमी, तिथून भोजबासा 5, मुक्काम तिथेच, पुढे गोमुख 4. चिरबासा सोडल्यावर गिला पहाडचा पट्टा लागतो, वरून दगड सुटतात, तिथे फोटो नाही, पाणी पिणं नाही, सकाळीच पार व्हायचं. वनखात्याची परवानगी लागते, दिवसाला 150 जणांनाच देतात, ती आधी काढा मग तिकिटं. डोकेदुखी आणि उलटी दोन्ही सुरू झालं तर वाट बघू नका, खाली उतरायचं. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथे विचारून घेऊ नका प्लीज.

देहरादूनवाली
खरं सांगते, बाबांनी पाहिलेली जागा आता नाहीये. 1935 पासून ग्लेशियरचं तोंड कुठे आहे ते मोजतायत आणि तेव्हापासून ते दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय. वाटेत दगडांवर साल लिहिलेलं दिसतं की त्या वर्षी बर्फ इथपर्यंत होता, मी तिथे हात लावून उभी राहिले, पुढे बघितलं तर नुसते दगडगोटे आणि गाळ, बर्फ पार लांब, काय वाटलं ते लिहिता येत नाही. आणि पांढराशुभ्र बर्फ वगैरे मनात ठेवून जाऊ नका, तोंड राखाडी आहे, दगडमातीने झाकलेलं, मधल्या फटीत हिरवट निळं बर्फ चमकतं आणि खालून गढूळ पाणी धो धो बाहेर येतं.
पाणी तोंडाशी जाऊन भरायचं मात्र अजिबात करू नका. वितळून खालून पोकळ झालेलं बर्फ कधीही तुटतं. 2016 च्या जुलैत तोंडाचा मोठा भाग कोसळला तेव्हा बर्फाचे तुकडे वाहत 18 किमी खाली गंगोत्रीपर्यंत आले होते. दुपारी ऊन चढलं की वर दगड गडगडल्याचा आवाज येत राहतो, तो ऐकला की मी मागे फिरते. भोजबासाला सकाळी नदीकाठी गडू भरा, पाणी तेच आहे हो.

मंदा_मावशी
आम्ही मागच्या वर्षी गेलो, ह्यांचं वय 68. ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते, शिवलिंग आणि भागीरथीची शिखरं अगदी समोर, पण रात्री पाणी गोठतं बरं का, बाटली पांघरुणात घेऊन झोपा. आणि वडिलांच्या वेळी वाटेत चहाच्या टपऱ्या असायच्या त्या आता नाहीत, खायचं सोबत घ्या आणि प्लास्टिकचा प्रत्येक कागद परत आणा.

नचिकेत_पुणे
सगळ्यांचे खूप आभार. ताई, तुमची पोस्ट बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले भोजबासालाच भरू, पण त्या साल लिहिलेल्या दगडापर्यंत मला ने. 91 च्या जवळचं साल कुठल्या दगडावर आहे का, कुणाला आठवतंय?