कुफुंगिसिसा, हीलिंग आणि आज्यांचं बाकडं : मराठीत काय म्हणावं?

सोनचाफा

झिम्बाब्वेमधल्या हरारे शहरातल्या 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमाविषयी मराठीत लेख लिहितेय. त्यात मनाने त्रासलेला माणूस बाकड्यावर येऊन बसतो आणि शिकवून तयार केलेली आजी त्याच्याशी बोलते. दोन शब्दांपाशी अडलेय, मदत हवी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी म्बारे या हरारेतल्या दाटीवाटीच्या वस्तीत हे काम सुरू केलं. दवाखान्यात त्यांना खोली मिळाली नाही, नर्सही मिळाली नाही. हाताशी होत्या वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या १४ आज्या, आणि बाहेरची मोकळी जागा. म्हणून तिथेच लाकडी बाकडं मांडलं. डॉक्टरांनी आधी 'मानसिक आरोग्याचं बाकडं' असं नाव ठेवलं होतं. आज्यांनीच सांगितलं, या नावाच्या बाकड्याकडे कुणी फिरकणार नाही. मग नाव बदललं.

बाकड्यावर येऊन बसणारा माणूस 'मला डिप्रेशन आलंय' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'कुफुंगिसिसा'. तिथल्या शोना भाषेतला शब्द आहे. ढोबळ अर्थ, फार विचार करणं. मी 'अतिविचार' लिहून पाहिलं, 'चिंतारोग' लिहून पाहिलं, मग सरळ 'नैराश्य'. तिन्ही खोडलं. दुसरा शब्द 'हीलिंग'. लेखात अमेरिकेतल्या ब्लॅक समाजाच्या 'हीलिंग सर्कल'वरही, म्हणजे गोल बसून एकमेकांना आधार देण्याच्या बैठकांवर, एक परिच्छेद आहे, तिथेही तो येतो. 'उपचार' म्हटलं की गोळ्या आणि सलाइन डोळ्यांपुढे येतं, आणि या बाकड्यावर यातलं काहीच नसतं.

मुळाक्षर

'नैराश्य' खोडलंत ते उत्तम केलंत. कुफुंगिसिसात उदासी येते तशी काळजीही येते, झोप उडणं येतं, अंग दुखणंही येतं. शिवाय शोना माणसाच्या लेखी तो त्रासही आहे आणि त्रासाचं कारणही. विचार करून करून मन आणि शरीर दोन्ही झिजतं, असं तो मानतो. 'नैराश्य' लिहिलं की ही कारणमीमांसाच पुसली जाते.

शब्दाची घडण पाहा. 'कुफुंगा' म्हणजे विचार करणं. त्याला 'इसिसा' जोडलं की क्रियेची तीव्रता वाढते. मराठीत हे काम आपण द्विरुक्तीने करतो: रडरडून, कुढकुढून, करकरून. 'विचार करकरून डोकं भणभणलंय' हे वाक्य कुफुंगिसिसाच्या सगळ्यात जवळ जातं असं माझं मत. 'अति' लावून नाम केलं की क्रियापदातला दम जातो. आणि 'अतिचिंतन' तर कुणी सुचवूच नये. चिंतन देवाचं करतात, ग्रंथाचं करतात.

पहिल्या उल्लेखात मूळ शब्द जरूर ठेवा. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानग्रंथात जगभरातल्या नऊ सांस्कृतिक संकल्पना दिल्या आहेत. त्यांत कुफुंगिसिसा जसाच्या तसा आहे, आणि आपल्याकडचा 'धात'सुद्धा, म्हणजे वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो ही धास्ती.

अबोली

मी सातारा जिल्ह्यातल्या गावांत आरोग्याचं काम करते, म्हणून वापरातलं सांगते. बायका 'मला चिंता आहे' असं सहसा म्हणत नाहीत. 'जिवाला घोर लागलाय' म्हणतात, तो पुढे काय होईल याचा असतो. 'हाय खाल्ली' हे एखादा धक्का बसल्यानंतरचं, आणि बहुधा दुसऱ्याबद्दल बोलताना. 'मनाला लावून घेतलं' यात कुणाचं तरी बोलणं किंवा वागणं लागलेलं असतं. झुरणं आणखी वेगळं, त्यात कुणाची तरी ओढ असते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कुफुंगिसिसासाठी यातला एकच घेतलात तर अर्थ अरुंद होईल.

मुलाच्या कर्जापायी खंगलेली एक बाई मला म्हणाली होती, 'ताई, भाजी चिरताना पण डोकं थांबत न्हाई बघा.' बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. 'डोकं थांबत नाही' हे मला जवळचं वाटतं. यात रोगाचं नाव नाही, तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

एक दुवाही सांगते. बाकड्यावर आज्या १४ हो-नाही प्रश्नांची जी शोना प्रश्नावली वापरतात, ती हरारेत १९९० च्या दशकात तयार झाली. लोक त्रासाबद्दल स्वतः जे बोलतात, त्यातून तिचे प्रश्न घेतले गेले. ते काम करणाऱ्यांत मुंबईत वाढलेले डॉ. विक्रम पटेल होते. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात 'संगाथ' ही संस्था उभी केली. तिथे गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं गेलं. म्हणजे हरारेची ही वाट आपल्या दारावरून गेलेली आहे. लेखात हे यायलाच हवं.

घाटवाट

'हीलिंग'बद्दल लिहितो. हा शब्द अमेरिकेतल्या ब्लॅक समाजात इतका का रुजला, ते पाहिल्याशिवाय त्याला प्रतिशब्द देऊ नये.

१८५१ साली लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने 'ड्रॅपेटोमेनिया' असा शब्द घडवला. ग्रीकमध्ये 'ड्रापेटेस' म्हणजे पळून जाणारा. मालकाच्या मळ्यातून पळून जाणारा गुलाम मनोरुग्ण असतो, असं त्याने लिहिलं, आणि चाबकाचे फटके हा उपाय सांगितला. स्वातंत्र्याच्या ओढीला आजाराचं नाव दिलं गेलं! ज्या समाजाने हे सोसलं, त्याला डॉक्टरी शब्दाची धास्ती वाटणारच. म्हणून त्या समाजात पुढे आपल्या जागा आणि आपले शब्द उभे राहिले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक हा मानसोपचाराचा दवाखाना सुरू झाला. फी २५ सेंट, डॉक्टर बिनपगारी. १९६८ मध्ये ब्लॅक मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. त्यांच्या 'हीलिंग सर्कल'ला 'सावुबोना' हे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेतल्या अभिवादनाचं नाव आहे. शब्दशः अर्थ, 'आम्ही तुला पाहतोय'.

मला 'सावरणं' हा शब्द सुचतो. माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो, क्रियापद एकच. गोल बसून केलेल्या या कामात नेमकं हेच घडतं. 'हीलिंग सर्कल' म्हणजे 'सावरण्याची बैठक'. 'मंडळ' नको, त्याला वर्गणीचा वास येतो.

मुळाक्षर

'सावरणं' आवडलं, पण सगळीकडे पुरणार नाही. तोल जाता जाता माणूस सावरतो, आणि पूर्वीसारखा उभा राहतो. गुलामगिरीची जखम पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिथे पूर्वीसारखं होण्याजोगं 'पूर्वी' कुठे आहे? तिथे 'भरून येणं' लिहावं. जखम भरून येते तेव्हा व्रण राहतो, हेही त्या शब्दात आहे.

आणखी एक. झिम्बाब्वेच्या लेखात 'कृष्णवर्णीय' शब्द नको. तिथे बहुसंख्य समाजच तो आहे, 'शोना', 'हरारेतले लोक' एवढं पुरे. अमेरिकेबद्दल लिहिताना मात्र 'ब्लॅक' ठेवावं. त्या समाजाने तो शब्द अभिमानाने घेतलेला आहे, आणि १९७२ मध्ये मुंबईत अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'च्या धर्तीवर दलित पँथर उभी राहिली तेव्हापासून मराठी वाचकाला त्याची धग ठाऊक आहे.

अबोली

बाकड्याचं शोना नाव 'चिगारो चेकुपानामाझानो' असं आहे. चिगारो म्हणजे बसायची जागा, आणि पुढच्या भागाचा अर्थ एकमेकांना विचार, युक्त्या देणं. 'मसलतीचं बाकडं' म्हटलं तर? 'सल्ल्याचं' नको, सल्ला वरून खाली येतो. कुणी 'पार' सुचवेल, पण आमच्याकडच्या गावांत पारावर बाया बसत नाहीत. इथे तर बाईच यजमान आहे.

सोनचाफा

फार उपयोग झाला. असं ठरवतेय: पहिल्यांदा कुफुंगिसिसा, पुढे संदर्भ पाहून 'विचार करकरून', 'डोकं थांबत नाही'. 'मसलतीचं बाकडं' घेतलंच. 'सावरणं' लेखभर, आणि 'भरून येणं' फक्त अमेरिकेच्या परिच्छेदात.

परिणामाचे आकडेही देणार आहे. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, त्या १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर, बाकड्यावर बसलेल्यांची त्रासाची सरासरी १४ पैकी ३.८१ होती, नेहमीची सेवा थोडी वाढवून मिळालेल्यांची ८.९०. तिथे 'गुण' लिहिणार नाही, कारण गुण जास्त म्हणजे चांगलं असं वाचलं जाईल.

आता राहिल्या आज्यांच्या कामाच्या तीन पायऱ्या. 'कुव्हुरा फुंग्वा'ला 'मन उघडणं' लिहिते, 'कुसिमुद्झिरा'ला 'उभारी देणं'. तिसरी 'कुसिम्बिसा', म्हणजे बळकट करणं. 'धीर देणं' लिहावंसं वाटतं, पण धीर पहिल्या भेटीतच देतात, आणि ही पायरी शेवटची आहे. 'पाय रोवून उभं करणं' लांबतं. कुणाला सुचतंय का?

अबोली

'बळ देणं' लिहा. तेवढं पुरतं.