आजारपणातली जागरणे संपली, झोप मात्र परतत नाही: काय करावे?

प्रश्न : रोजकीर्द (अक्कलकोट रोड, सोलापूर)

सर्वांस नमस्कार. माझे वय ४८ असून एमआयडीसीतील टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेबाचे काम पाहते. गेल्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. रात्री त्यांना कूस बदलून द्यावी लागे, त्यामुळे माझा डोळा लागला तरी कान जागेच असत. पावसाळ्याच्या तोंडी त्या गेल्या. त्यानंतर झोप आपोआप पूर्ववत होईल असे वाटले होते, पण तसे झाले नाही.

साडेनऊला दिवा मालवून पडते आणि सातला उठते, पण त्यात प्रत्यक्ष झोप सारी मिळून पाच-साडेपाच तासच लागत असावी. दोन-अडीचला जाग आली की मोबाईलवर वेळ पाहायची, उजाडायला किती तास उरले ते मोजायचे आणि उद्या जीएसटीचे विवरणपत्र भरताना आकडे चुकणार या विचाराने छाती धडधडू लागायची, असा नेम झाला आहे. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड आणि पुष्कळदा अपरात्री पाणी येते. नवल असे, की त्या रात्री पिंपे भरून पुन्हा अंग टाकले की झोप चटकन लागते.

एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेऊ लागले. आता अर्धीने भागत नाही आणि न घेतल्यास रात्रभर टक्क जागी असते. हा आजार समजायचा का, आणि गोळी सुटेल का?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक

ताई, काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून घ्या आणि झोपताना कोमट दुधात जायफळ उगाळून घ्या. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात. रविवारी दुपारी ताणून देण्याची सवय असेल तर ती मात्र आधी सोडा, कारण तिथेच रात्रीच्या झोपेची वाटणी होते.

उत्तर : एक फिजिशियन (होटगी रोड)

रोजकीर्दताई, आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिने वा त्याहून अधिक काळ, झोपायला वेळ व सोय असूनही झोप न लागणे, मध्येच तुटणे किंवा पहाटे लवकर उडणे, आणि त्याचा परिणाम दिवसाच्या कामावर होणे, याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. आपले वर्णन त्यात बसते, त्यामुळे उपचार घ्यावा असाच हा आजार आहे.

तो सुरू होण्याचे कारण आणि टिकून राहण्याचे कारण ही वेगळी असू शकतात. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशी मांडणी केली, की काहींची मुळातली प्रकृतीच हलक्या झोपेची असते, मग एखाद्या प्रसंगाने झोप मोडते, आणि तो प्रसंग सरल्यावरही ती मोडलेली राहते ती झोप भरून काढण्यासाठी माणूस जे करतो त्यामुळे. लवकर पडणे, उशिरा उठणे, सुटीच्या दुपारी झोपणे आणि रात्री वेळ तपासत राहणे हे सारे त्यात आले. आपण साडेनऊ तास अंथरुणात काढून साडेपाच तास झोपता, म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी सुमारे ५८ टक्के वेळच झोपेत जातो. उपचारात हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर नेण्याचा प्रयत्न असतो.

आता पाण्याच्या रात्रीविषयी, कारण आपल्या प्रश्नातला सर्वांत उपयोगी तपशील तोच आहे. त्या रात्री आपण अंथरुण सोडता, हात कामात असतात, वेळ पाहायला सवड नसते आणि झोप लागावी म्हणून धडपडही नसते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पद्धत जवळपास हेच करायला सांगते: डोळे जड झाल्याशिवाय आडवे व्हायचे नाही, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर (घड्याळ न पाहता, अंदाजानेच) उठून दुसरीकडे बसायचे आणि झोप आली की परतायचे. मेंदूने अंथरुणाशी काळजीची जी सांगड घातलेली असते, ती अशाने सुटत जाते.

दुसरा भाग अधिक कठीण आहे. झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडल्याप्रमाणे झोप दोन गोष्टींवर चालते. जागेपणाच्या तासांगणिक साठत जाणारा झोपेचा दाब ही एक आणि शरीराचे घड्याळ ही दुसरी. दाब साठायचा तर अंथरुणातला वेळ कमी करावा लागतो. आपल्या बाबतीत सुरुवातीला रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढीच वेळ ठरवता येईल, उठण्याची वेळ रविवारीही तीच. त्या वेळेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी ती वाढवायची. पाच तासांच्या खाली मात्र जायचे नाही. या दोन पद्धती आणि झोपेविषयीच्या भीतिदायक विचारांची तपासणी मिळून सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशावर विचार व सवयी बदलून करायचा उपचार होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर औषधांच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर आजार असणाऱ्यांनी आणि वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हा वेळकपातीचा भाग डॉक्टरांच्या देखरेखीवाचून करू नये. आपणही पहिले काही दिवस दुपारी स्कूटी चालवताना जपावे.

गोळी एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम अचानक सोडल्यास झोप पूर्वीपेक्षा बिघडते, घाबरेपणा वाढतो आणि क्वचित फिटही येऊ शकते. मात्रा हळूहळू, काही आठवड्यांत उतरवावी लागते. हे औषध एच-वन अनुसूचीतले असल्याने चिठ्ठीशिवाय ते मिळायलाच नको होते. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा, तिथे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

सोबत थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असेल तर रात्री पायांत वळवळ होऊन झोप मोडते. या वयात पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन जाग येते, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. मोठ्याने घोरणे व श्वास अडकल्यासारखे होणे असेल तर तो स्लीप ॲप्नियाही असू शकतो, आणि त्यात झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते.

मुख्याध्यापक सरांचे तळपाय चोळणे मला मान्य आहे. त्याने निद्रानाश बरा होतो असे म्हणणार नाही, पण मन निवते. जायफळ मात्र चिमूटभरच असावे, अधिक झाल्यास विषबाधा होते.

उत्तर : रात्रपाळी (पूर्व भाग)

मी यंत्रमागावर आहे आणि आठवड्याआड रात्रपाळी करतो. सकाळी घरी येतो तेव्हा शेजारचे माग सुरू झालेले असतात आणि पत्र्याखाली उन्हाळ्यात अंगाची काहिली होते. डॉक्टरसाहेब, अंथरुणातला वेळ कमी करण्याचा उपाय आम्हालाही लागू पडतो का?

उत्तर : एक फिजिशियन (होटगी रोड)

नाही, आपल्याला आधीच झोप कमी मिळते, ती आणखी कापू नये. पाळीवरून परतताना गॉगल लावावा, खोलीत जाड चादरीचा पडदा करून अंधार करावा (सोलापुरात चादरीला तोटा नाही), कानांत बोळे घालावेत आणि चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा. चहातले कॅफिन निम्मे होण्यासही साधारण पाच तास लागतात. उकाड्याचा मुद्दा सर्वांनाच लागू आहे. झोप लागताना शरीराच्या आतले तापमान उतरावे लागते, आणि मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर पाणी शिंपडा असे सांगण्याचे धाडस या शहरात होत नाही. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा, तेवढ्यास एक बादली पुरते. त्वचेकडे रक्त येऊन आतली उष्णता बाहेर पडते.

उत्तर : जुळे सोलापूरकर

मी हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण केला आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. पहिले दोन आठवडे वाईट जातात. रात्री अकराला साऱ्या घरात सामसूम असताना खुर्चीत बसून डुलक्या आवरणे ही खरी परीक्षा असते, आणि उपायच चुकला असे मनात येते. मी त्या वेळात उद्याच्या शेंगा निवडायला घेत असे, कारण वाचायला बसले की जागेवरच डोळा लागे. पुढे रात्री सलग होऊ लागल्या. अधूनमधून आजही एखादी रात्र बिघडते, पण दुसऱ्या दिवशी लवकर पडून तिची भरपाई करायची नाही हे आता अंगवळणी पडले आहे.

रोजकीर्द

सर्वांचे आभार. आमचे घर दोनच खोल्यांचे आहे आणि दुसरीत मुलगा अभ्यास करून झोपतो. दोन वाजता उठून बसायचे तरी कुठे?

उत्तर : एक फिजिशियन (होटगी रोड)

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसलात तरी चालेल. अंथरुणावरून उठणे महत्त्वाचे, खोली बदललीच पाहिजे असे नाही. मंद दिवा ठेवा, मोबाईल रात्रभर दुसरीकडे चार्जिंगला लावा, आणि कपडे घडी करण्यासारखे हातांना गुंतवणारे पण डोक्याला ताण न देणारे काम घ्या. विवरणपत्राचे विचार येतात ते संध्याकाळी सातच्या सुमारास वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे उद्या काय करायचे ते लिहा.

तपासणीला जाण्याआधी दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने नोंद ठेवा: कधी पडलात, झोप केव्हा लागली असावी, किती वेळा जाग आली, कधी उठलात, गोळी किती घेतली आणि संध्याकाळचा चहा किती वाजता झाला. पाणी आले त्या रात्रींपुढे खूण करा. गोळीची मात्रा तोवर आहे तीच राहू द्या.