सल्ला हवा: ए३२० साठी साइडस्टिक (बाजूची एकहाती काठी) की योक (दोन हातांनी धरायचं, पुढेमागे सरकणारं स्टिअरिंग)? (पुणे, बजेट ८,०००)

निवांत_कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. एक्स-प्लेन १२ या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर मुख्यतः एअरबस ए३२० उडवतो, क्वचित बोइंग ७३७. सध्याच्या जॉयस्टिकचा दांडा पिळला की रडर (शेपटीवरचं सुकाणू) हलतो. हल्ली न पिळताही हलतो, टेकऑफला विमान थेट गवतात. बाकी स्टिक धडधाकट आहे. बजेट ८,०००, त्यापुढे गृहखात्याची मंजुरी नाही. टेबल भिंतीचं घडीचं, जेमतेम दीड फुटाचं. एम्ब्राएर विमानांसारखं शिंगांच्या आकाराचं योकही मनात आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

योकवाले_काका:
हनीकोंब अल्फा योक घ्या, विषय संपला. १८० अंश फिरतं, खऱ्यासारखं. मी भाच्याकरवी अमेरिकेहून आणवलं, खर्च विचारू नका. काठीने विमान उडवणं म्हणजे व्हिडिओ गेम.

लोहगाव_स्पॉटर:
म्हणजे इंडिगोचे वैमानिक दिवसभर व्हिडिओ गेम खेळतात का काका? ए३२० साइडस्टिकवरच प्रवासी नेतंय, १९८८ पासून.

योकवाले_काका:
बोइंगचं ७७७ पण फ्लाय-बाय-वायर (तारांतल्या विजेच्या संकेतांवर चालणारं), १९९५ चं. तरी योक ठेवलंच ना? एकाने ओढलं की दुसऱ्याच्या पुढ्यातलंही हलतं, शेजारचा काय करतोय ते कळतं. एअरबसमध्ये दोघांनी एकदम हलवलं तर दोन्हींची बेरीज होते आणि यंत्र 'ड्युअल इनपुट' ओरडतं. २००९ च्या एअर फ्रान्स ४४७ च्या अपघाताबद्दल वाचा जरा.

लोहगाव_स्पॉटर:
ताबा घ्यायला लाल बटण असतं स्टिकवर. आणि धागाकर्त्याच्या शेजारी घरी कोण बसणार आहे?

तपकीर_गल्ली:
दांड्याच्या बुडाशी पोटेन्शिओमीटर (पीळ मोजणारा, घासत फिरणारा सेन्सर) असतो, त्यात धूळ जाते नाहीतर पट्टी झिजते. काँटॅक्ट क्लीनर मारून बघा. तात्पुरतं म्हणून सेटिंगमध्ये पिळाच्या अक्षाचा नल झोन (मधला, हालचाल न मोजणारा भाग) वाढवा. खर्च किरकोळ.

अभी_एअरबस:
थ्रस्टमास्टरची एअरबस साइडस्टिक. डोळे झाकून. सेन्सर चुंबकीय आहे, घासून झिजत नाही. बटणं काढून उलटसुलट लावली की डाव्या हाताचीही होते. कॅप्टन डावीकडे बसतो, स्टिक डाव्या हातात, उजवा इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर. सवय व्हायला वेळ लागतो, पण मग उजव्या हाताने माउस धरता येतो.

योकवाले_काका:
माउस!

मीनल_शॉर्ट_फायनल:
योकच्या भानगडीत पडू नका, कारण सांगते. खऱ्या ७३७ मध्ये योक ओढून धरावं लागतं, मग ट्रिम (विमानाचं नाक हवं तिथे टिकवणारी सोय) फिरवत गेलं की हातावरचा जोर हळूहळू नाहीसा होतो. वैमानिक ट्रिम करतो तो त्या जोरावरून. घरच्या स्प्रिंगच्या योकला हे माहीतच नसतं, त्याचा मध्य कायम एकाच जागी. ती नक्कल करणारी यंत्रं लाखांत जातात. उलट ए३२० ची खरी साइडस्टिकही स्प्रिंगचीच, पंखांवरचा जोर हाताला कळत नाही. ट्रिम आपोआप होतो. ३३ अंशांपर्यंत कलवून स्टिक सोडली तरी विमान तसंच कलून राहतं. ऑटोथ्रस्टवर (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळला जात असताना) लिव्हरही जागेवरून हलत नाहीत, बोइंगचे मागेपुढे सरकतात. म्हणजे स्वस्त सामानात हुबेहूब जमतं ते एअरबसच. तुमची आहे ती स्टिकही चालेल.

जुना_बाजार_जिंदाबाद:
शिंगांचं योक काँकॉर्डलाही होतं. मी लुनाचं हँडल, आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि दोन हॉल (चुंबकीय) सेन्सर लावून घरी बनवलंय. गुडघ्यांवरून मस्त मोकळा नजारा दिसतो. बायको म्हणते गाडी परत कर. फोटो टाकतो.

अभी_एअरबस:
टाकाच. मागेही म्हणाला होतात.

वैतागलेला_वारजेकर:
ऑनलाइन घेऊ नका. माझी स्टिक आली ती मुळापासून सैल. विक्रेता म्हणे व्हिडिओ पाठवा, पाठवला तर म्हणे उघडतानाचा पाठवा. खोकं उघडताना कोण शूटिंग करतं?

लोहगाव_स्पॉटर:
+१ मीनलताई. थ्रस्टमास्टरच घ्या.

मीनल_शॉर्ट_फायनल:
मी असं म्हटलंच नाही.

योकवाले_काका:
सेकंडहँड हनीकोंब बघा, थोडं वर जाईल.

निवांत_कोथरूडकर:
सगळ्यांचे आभार. स्प्रे मारला, फरक पडला, पण चार दिवसांत पुन्हा तेच. मग पिंपरीत एकाकडे जुनी रडर पेडल्स मिळाली, घासाघीस करून बजेटच्या आत. दांड्याचा पीळ सेटिंगमध्ये बंद करून टाकला, जुनीच स्टिक ठेवली.

अभी_एअरबस:
पेडल्स? ए३२० हवेत वळणं स्वतः जुळवून घेतं, रडरला पाय लावायचं कामच नाही. पैसे पाण्यात.

निवांत_कोथरूडकर:
मला हवेत त्रास नव्हताच, धावपट्टीवर होता. पावसाळ्यात आडव्या वाऱ्यात उतरायला आता मजा येते. एकच अडचण, ब्रेक दाबला की पेडल्स फरशीवरून पुढे आणि चाकांची खुर्ची मागे. काय करावं?

तपकीर_गल्ली:
पेडल्सखाली रबरी मॅट टाका. आणि खुर्चीचा पाय नाड्याने पेडल्सच्या पट्टीला बांधा, दोघं एकमेकांना धरून ठेवतील.

योकवाले_काका:
हनीकोंब टेबलाला क्लॅम्प होतं. सरकत नाही.