मे महिन्यात गणपतीपुळे: मुलांना पाण्यात कधी न्यावं?

प्रश्न: ६ आणि ९ वर्षांची मुलं बरोबर आहेत. पाण्याचं आणि उन्हाचं नियोजन कसं करावं?

प्रतिसाद १: आधी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी त्यामानाने शांत. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून कालची वेळ आज धरू नका. तिथला किनारा उतरता आहे, दोन पावलांत खोली वाढते. मुलं घोट्याभर पाण्यातच, मोठं माणूस समुद्राच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. ओहोटीत उतरूच नका, कृपा करून.

प्रतिसाद २: लाटा फुटताहेत आणि मध्येच एक सपाट, गढूळ पट्टा दिसतोय? तो सुरक्षित वाटतो, पण पाणी तिथूनच आत ओढलं जातं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या, मग वळा.

प्रतिसाद ३: ११ ते ४ सावलीत. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, निघण्याआधी २० मिनिटं. दर २ तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात कालवलं तर क्षार जास्त होतात, लहानांना ते बाधतं.