अनुभव धागा: कमी सामानात, प्रभूच्या भरवशावर

माझगावची_लेक
आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरचं सगळं एकदम खाली आलं. न वापरलेले डिनर सेट, हंडे, नाताळचे जुने तारे, कोणाकोणाची लग्नातली भेट. त्या ढिगात नानींची पत्र्याची ट्रंक सापडली, आणि तेव्हापासून त्या डोक्यातून जात नाहीत.

नानी, म्हणजे वडिलांची आई, मंडळीत (चर्चमध्ये) बायबलबाई होत्या, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल सांगणाऱ्या. भायखळा, आग्रीपाड्याच्या चाळींतून पायी फिरायच्या, आजाऱ्यांजवळ बसायच्या. कोणी नवीन लुगडं दिलं की त्याच आठवड्यात जुन्यातलं एक बाहेर जायचं. दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा, हे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं सांगणं त्या अक्षरशः पाळायच्या. आई चिडायची, "अहो, ते चांगलं आहे की!" नानी म्हणायच्या, "चांगलं आहे म्हणूनच देतेय."

हल्ली मिनिमलिझमचे व्हिडिओ दिसतात, पांढऱ्या भिंती, एक कुंडी. नानींच्या खोलीत शोभा नव्हती. तिथे कोणीही यावं आणि काहीतरी घेऊन जावं, एवढंच होतं. मला ते पुन्हा शिकायचं आहे.

तुमच्या घरी असं कोणी होतं का? तुम्ही स्वतः काही करता का? उपवासकाळातलं (ईस्टरआधीच्या 40 दिवसांतलं), एरवीचं, काहीही लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कोणीही.

वसईवाला
आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, मटण-मच्छी बंद, उपवासकाळ एवढाच माहीत. मग एका वर्षी धर्मग्रामात (आमच्या पॅरिशमध्ये) फादर म्हणाले, 40 दिवस रोज घरातली एक वस्तू खोक्यात टाका. सुरुवातीला मजा, जुने चार्जर, आखूड झालेले शर्ट. मुलं धावत जाऊन टाकायची. चौथ्या आठवड्यात घर गप्प झालं, कारण आता लागणाऱ्या वस्तूंची पाळी होती. मुलाने बॅट टाकली, कोणी सांगितलं नव्हतं. रात्री मी आणि बायको त्यावर बराच वेळ बोलत बसलो.

एक मात्र कळकळीने सांगतो, द्यायचं ते धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं दिलं तर ते दान नाही, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवला.

डोंबिवली_फास्ट
+1 बटणाला. बाकी सासूबाईंनी बोहारणीला साड्या दिल्या, बदल्यात पातेली आणि डबे आले. आता ते कुठे ठेवायचे यावर घरात बैठक चालू आहे 😄

जुनी_पानं
कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल चर्चवरून आपण जातो, तो बोवेन कोण हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जॉर्ज बोवेन 1848 मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईत आले. थोड्याच काळात मिशनचा पगार घेणं बंद केलं. इथल्या लोकांच्या वस्तीत साध्या खोलीत राहिले, शिकवण्या करून पोट भरलं, पुढे 'बॉम्बे गार्डियन' चालवलं. 1888 मध्ये याच शहरात वारले. धर्म सांगणारा साहेबासारखा राहिला तर ऐकणाऱ्याला त्याचा पगारच दिसतो, हे त्यांनी ओळखलं होतं असं मला वाटतं.

आणि आपले रेव्हरंड ना. वा. टिळक, ख्रिस्ती कवी. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, ख्रिस्ती संन्यासी झाले. दोन वर्षांत, 1919 ला, मुंबईत गेले. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस, त्यांना अपरिग्रह (साठवून न ठेवणं) वेगळा शिकवावा लागला नसणार. आपण दर रविवारी त्यांची गाणी गातो, संन्यासाबद्दल कोणी बोलत नाही.

शिवडीची_सून
जुनी पानं, टिळकांबद्दल आदर आहेच. पण घरातलं उचलून देणाऱ्या माणसाच्या घरी संध्याकाळी चूल कोण पेटवतं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलांच्या ताटात काय वाढायचं हे त्यांनी बघितलं. त्यांच्या श्रद्धेचं मोल मला टिळकांपेक्षा कणभरही कमी वाटत नाही. देण्याआधी घरात विचारा एवढंच म्हणणं.

(कुकर लागलाय, नंतर येते)

जुनी_पानं
ताई, शंभर टक्के मान्य.

घाटल्याची
मी वेगळं लिहिणार आहे, कोणी रागावू नका.

माझे आईबाप 72 च्या दुष्काळात जामखेडकडून मुंबईला आले. चेंबूरला नाल्याकाठी झोपडी. आई काहीच टाकत नाही. डालड्याचे डबे, सुतळी, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून. आज माझा टू बीएचके आहे तरी तिच्या पलंगाखाली हात जात नाही इतकं सामान. आमच्या मंडळीत एकदा साधेपणावर उपदेश झाला, "घर रिकामं करा, हृदय रिकामं करा". आई शेजारी बसलेली. घरी येऊन म्हणाली, "मी काय पाप केलं का गं?"

तेव्हापासून मी शास्त्रात (बायबलमध्ये) बघायला लागले. सगळं विकून टाक हे प्रभूने त्या श्रीमंत तरुणाला सांगितलं. दानपेटीत दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकणाऱ्या विधवेला काही सांगितलं नाही, तिच्याकडे शिष्यांचं लक्ष वेधलं. कोठारं पाडून मोठी कोठारं बांधणारा माणूस मूर्ख ठरला, पण त्याच्याकडे धान्य आधीच उतू जात होतं. ज्याच्याकडे कधी काही नव्हतं त्याला रिकामं व्हायला सांगणं मला जमत नाही. साधेपणा निवडायला आधी काहीतरी असावं लागतं.

आता आईचीच गोष्ट. ती रोज तांदूळ धुण्याआधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते, झोपडीत होतो तेव्हापासून. डबा भरला की तो कोणाकडे जाणार हे तिला आधीच माहीत असतं, बाळंतीण, कोणाचा नवरा कामावरून काढलेला. आम्ही अर्धपोटी असतानाही ती मूठ चुकली नाही. मान्ना (रानात देवाने इस्राएली लोकांना रोज दिलेलं अन्न) उद्यासाठी ठेवला की त्यात किडे पडत, हे ती आम्हाला तो डबा दाखवूनच शिकवायची. म्हणजे सुतळी साठवणारी बाई आणि तांदूळ न साठवणारी बाई, दोन्ही तीच. तिला मी आता पलंगाखालचं काही विचारत नाही.

माझगावची_लेक
रागवायचं काय गं. आईंना माझा नमस्कार सांग. धागा काढला तो सार्थकी लागला.

वसईवाला
घाटल्याची ताई, हे आमच्या फादरांना पाठवू का? नाव न टाकता.

घाटल्याची
पाठवा भाऊ.

ईशान्येचा_फौजी
त्या मुठीवरून. मिझोरममध्ये पोस्टिंग होतं, तिकडे घरोघरी हीच रीत. बाई प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढते आणि ते चर्चला जातात. बुहफाय थाम म्हणतात. त्यातून केवढं तरी मिशनचं काम उभं राहिलंय. चेंबूर आणि ऐजॉल, एकच मूठ!

रविवारची_शिफ्ट
भायखळ्याच्या आशादानला जाते कधीकधी मदतीला, मदर तेरेसांच्या सिस्टर्सकडे. त्यांच्याकडे साड्या मोजक्याच, कपडे बादलीत हाताने धुतात. त्या निळ्या काठाच्या साड्या कोलकात्याजवळ टिटागढला कुष्ठरोगी विणतात, हे कळल्यावर साडीकडे बघणंच बदललं. एका सिस्टरची बदली झाली तेव्हा मी निरोपाला काय द्यावं या विचारात. त्या म्हणाल्या, दे ना, या आजींची नखं कापायची राहिलीत.

मी नर्स आहे, तरी त्या दिवशी खूप काही शिकले. ड्यूटी आहे, बाय.

डोंबिवली_फास्ट
वा.
तिथे साड्या, चादरी घेतात का? सासूबाईंना पातेल्यांपासून वाचवायचंय.

रविवारची_शिफ्ट
आधी जाऊन विचारा, काय लागतंय ते बदलत असतं. बहुतेक वेळा माणसं हवी असतात.

गोराईची_आयझा
आम्ही ईस्ट इंडियन (मुंबईकडचे मूळचे कॅथलिक), आमच्या घरात काहीही द्या पण बिअरच्या रिकाम्या बाटल्यांना हात लावायचा नाही 😀 बाटली मसाला त्यातच भरतात, काळी काच लागते, उजेड लागला की रंग जातो. आजीने घरातला रेडिओ दिला, कपाट दिलं, बाटल्या नाही दिल्या. मात्र मसाला झाला की पहिल्या बाटल्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी, मग आमच्याकडे. आईनेही तेच ठेवलंय, मीही ठेवणार.

शिवडीची_सून
कुकर उतरला, आले. आयझा, तुमच्या मसाल्यात किती जिन्नस असतात गं? आमच्या शेजारच्या आंटी सांगतच नाहीत.

गोराईची_आयझा
घरोघरी वेगळे. मोजून कोण देतंय! मार्चमध्ये मिरच्या वाळत घालू तेव्हा ये, बोरिवलीहून फेरी आहे. बाटल्या तुझ्या आण, धुऊन कडकडीत वाळवलेल्या.

डोंबिवली_फास्ट
मला पण!! बाटल्यांचा बंदोबस्त मी करतो.